बिया बाहेर असलेले फळ

आमच्या घरात खोटे बोलणाऱ्याला जेवण मिळत असे, पण संभाषण मिळत नसे. हा आईचा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. एकदा गवळ्याने म्हैस आजारी असल्याचे सांगून दूध कमी घातले आणि त्याच संध्याकाळी ती म्हैस तापीच्या पाण्यात खुशाल डुंबताना अण्णांनी पाहिली. आईने दूध बंद केले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती भांडे पुढे करी आणि जे सांगायचे ते माझ्याकडे पाहून सांगे, "याला म्हणावं, उद्या पावशेर जास्त पाहिजे." गवळीही मग मलाच उत्तर देई. असा एक सबंध पावसाळा गेला. हे मी आरंभीच नोंदवते, कारण पुढे जे घडले ते किती गंभीर होते हे या नियमावाचून कोणास कळणार नाही. आमच्या घरी आलेल्या नव्या सुनेवर, म्हणजे माझ्या वहिनीवर, लग्नाला वर्ष होण्याच्या आतच हीच पाळी येऊ घातली होती.

आम्ही बुधवारा पेठेत राहत असू. पुढे ओटा, मध्ये लहानसे फरसबंद अंगण, त्यात तुळस, आणि मागे स्वयंपाकघर. दोन्ही अंगांच्या घरांत हातमाग होते. पहाटेपासून त्यांची खटक-खट सुरू होई आणि ती आम्हाला इतकी सवयीची झाली होती की माग थांबला म्हणजेच लक्ष जाई, मग आई म्हणे, "माग थांबले, पानं घ्या." माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, शाळेत शिक्षक होते. दादा कापसाच्या जिनात कारकून होता आणि त्याच्या डोक्यावर, भुवयांवर सरकीचा पांढरा तंतू नेहमी चिकटलेला असे. थंडीत कळण्याची भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत, सणाला उपड्या खापरावर भाजलेले मांडे, जत्रेत दराबा ही मिठाई, असा आमचा आहार होता. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शेवटच्या वर्गात होते, आणि ज्या गोष्टीचे कारण समजत नाही ती गोष्ट मला स्वस्थ बसू देत नसे. हा दोष असेल तर तो अण्णांकडून आला आणि आजही गेलेला नाही.

वहिनी पाचगणीची. अण्णांच्या एका जुन्या स्नेह्याने हे लग्न जुळवले होते. तिचे वडील तिकडे एका साहेबाच्या बंगल्यावर हिशेबनीस होते आणि त्या बंगल्याच्या बागेत ती लहानाची मोठी झाली होती. तिचे मराठी आमच्यापेक्षा निराळे, सावकाश, शब्द नीट पूर्ण करणारे. दुपारी भांडी घासून झाली की बायका ओट्यावर निवडण-टिपण घेऊन बसत आणि नव्या सुनेला माहेरच्या गोष्टी विचारत. वहिनीने एके दिवशी सहज सांगितले की पावसाळ्यात त्यांच्याकडे ढग घरात शिरतो आणि खिडकी उघडी राहिली तर अंथरुणे ओली होतात.

समोरच्या मथुराकाकूंनी सूप खाली ठेवले. "हाव का? मंग त्याले पाट मांडता का वो तुम्ही, बसाले?"

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. मग तिने आणखी सांगितले की तिकडे स्ट्रॉबेरी नावाचे एक फळ होते, लालभडक, बोराएवढे, आणि त्याच्या बिया आत नसून बाहेर, सालीवर असतात.

"बिया बाहेर!" मथुराकाकू म्हणाल्या. "अन् साल आत असंल मंग! ऐकलं का वयनी? तुमच्या सुनेच्या गावाले देवानं सगळं उलटं करून ठेवलं."

आई हसली नाही. तिने हातातली डाळ परातीत सोडली. "सूनबाई, गंमत म्हणून सांगत असशील तर आत्ताच सांग, आपण हसून मोकळ्या होऊ. पण खरं म्हणून सांगत असशील, तर बिलकुल जपून सांग. झूट मला चालत नाही."

"खरं म्हणूनच सांगते, सासूबाई," वहिनी म्हणाली.

बोरात बी आत, आंब्यात कोय आत, सीताफळात, पेरूत, कलिंगडात बी आत. आईने आयुष्यात पाहिलेल्या प्रत्येक फळाची साक्ष वहिनीच्या विरुद्ध होती. त्या दिवसापासून मला एक नवे काम लागले. वहिनीने सांगावे, दूध तापले, आईने मला सांगावे, "जा गं, बघून ये." वहिनीने सांगावे, तुळशीला पाणी घातले, मी जाऊन माती चाचपावी. प्रत्येक वेळी वहिनीचेच बरोबर निघे, पण आईचे समाधान होत नसे. दादा पानावर मान खाली घालून जेवे. एके दिवशी मी डाळीत मीठ आहे का ते पाहत असताना वहिनी मागे येऊन उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही तपासता त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त मी समोर असताना तपासत जा. मी पाठ वळवल्यावर नको."

त्या भाद्रपदाच्या अखेरीस तिच्या वडिलांकडून कोणाबरोबर तरी एक पुरचुंडी आली. आत हातरुमालाएवढे फडके होते. त्यावर पिकलेली स्ट्रॉबेरी चोळून वाळवलेली. तांबूस डाग आणि त्यात खसखशीपेक्षा जरा मोठे, पिवळट कण. फळ पाठवणे शक्य नव्हते. दोन दिवसांच्या आगगाडीत त्याचे पाणी झाले असते. वहिनीने ते फडके आईसमोर ठेवले आणि जे सांगितले ते मला आजही शब्दशः आठवते. "हे बी. पण आमच्याकडे बी कोणी लावत नाही, सासूबाई. रोपाला दोरे सुटतात, त्यांच्या टोकाला नवी रोपं धरतात, तीच लावतात. बी कसं लावायचं हे मला माहीत नाही."

आईने फडके उजेडात धरून पाहिले. "बी आहे खरं. ते बाहेर होतं का आत, हे फडकं काय सांगणार? लाव तू. फळ आलं तर माझ्या डोळ्यांनी बघीन. नाही आलं तर हा विषय आणि ह्या गोष्टी, दोन्ही बंद."

या दोन गोष्टी बंद झाल्यावर वहिनीशी बोलायचे काय उरणार होते, हे घरात सर्वांना कळले.

नवरात्र तोंडावर होते. आईचा स्वभाव कठोर असला तरी अन्यायी नव्हता. बी लावायचेच तर चांगल्या मुहूर्तावर लागावे म्हणून तिने घटस्थापनेच्या दिवशी घटाशेजारीच एका वाडग्यात माती भरली, घटात गहू पेरतात तसे ते बी पेरले, वर बोटभर माती शेणखतासह दाबली आणि रोज घटाबरोबर त्यालाही पाणी घातले. दसऱ्याला घटातले धान वीतभर उंच झाले होते. अण्णांनी आणि दादाने त्याचे तुरे टोपीत खोवले. शेजारच्या वाडग्यातली माती जशी होती तशीच होती. घट हलवला की शेजारचे काही मागे ठेवायचे नसते. आईने वाडगा नेऊन मागच्या परसात पालथा केला. बोलल्या त्या मथुराकाकू. "नऊ दिवसांत गहू येते, ज्वारी येते. इस्टाबरीचं बी रुसलं वाटतं. का ते बी बाहेरून आत उगवते?"

इथे थोडे थांबून सांगते. मी पुढे आयुष्यभर मुलींना शिकवले आणि दर वर्षी हा प्रसंग वर्गात सांगितला, कारण यात दोन चुका आहेत, खोल पेरणे आणि नऊ दिवसांत निकाल लावणे, आणि दोन्ही हुशार माणसांच्या आहेत. गहू आपल्या पोटात पुष्कळ शिदोरी घेऊन जन्मतो; तो बोटभर मातीतून सहज वर येतो आणि त्याला नऊ दिवस पुरतात. स्ट्रॉबेरीच्या कणात शिदोरी जवळजवळ नाहीच. त्याला वर माती नको, उजेड हवा, आणि त्याला तीन-तीन, चार-चार आठवडे लागतात. आईने जे केले ते गव्हासाठी अगदी बरोबर होते. आपण एका गोष्टीत वाकबगार असलो की दुसऱ्या गोष्टीलाही तीच वागणूक देतो.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला एवढेच दिसत होते की फडक्यावर अजून अर्धे बी शिल्लक आहे. दिवाळीत मांड्यांचे खापर दुभंगले आणि दोन उथळ, रुंद कपऱ्या, म्हणजे तुकडे, झाले. त्या पाहून अण्णांनी मला आणि वहिनीला बोलावले. ते शाळेत बोलत तशाच स्वरात बोलले. "माती एक, पाणी एक, जागा एक. फरक एकाच गोष्टीत ठेवा. म्हणजे काय घडले ते कळले नाही तरी कशामुळे घडले ते कळेल."

"मामंजी, फरक कशात ठेवू?" वहिनीने विचारले.

"ते तुम्ही ठरवा. घटाशेजारी पेरले त्यात सर्वांत जास्त काय होते?"

"माती," वहिनी आणि मी एकदमच म्हणालो.

एका कपरीत आम्ही बी मातीखाली घातले. दुसरीत मातीवर नुसते टेकवले आणि बोटाने हलकेच दाबले. वरून पाणी घातले असते तर कण वाहून गेले असते, म्हणून दोन्ही कपऱ्या परातीत ठेवून परातीत पाणी घालत असू. खापर ते खालून ओढून घेई. गावाला जमिनीखालच्या जुन्या कालव्यांतून पाणी येई, ते त्या दिवसांत आणखीच गार. मी रोज शाळेतून आले की ओणवी होऊन पाही. दिवाळी मागे पडली, तुळशीचे लग्न झाले, काही नाही. आणि मग एका दुपारी उघड्या कपरीत हिरवे ठिपके दिसले. मोहरीचा दाणा फाकून दोन पाने व्हावीत एवढे. झाकलेल्या कपरीत काहीच नव्हते.

"सासूबाई, आलं," वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली.

आईने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "आलंय, आई. मी तिच्या समोर तपासलंय." आई बाहेर आली, उकिडवी बसली, पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग आत गेली आणि पेटीतून कोऱ्या मलमलीचा एक तुकडा घेऊन आली. शेजारच्या मागावरूनच उतरलेला, पाणी न लागलेला, देवाच्या कामासाठी जपून ठेवलेला. "चिमण्या टिपतील," ती म्हणाली. "यावर पसरा. नव्या गोष्टीवर कोरंच घालावं." आईने वहिनीला दिलेली ती पहिली वस्तू होती. वहिनीने ती दोन्ही हातांत घेतली.

त्या कापडाखाली सात-आठ दिवसांत सगळे संपले. आधी मातीवर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी बुरशी आली, मग ते इवले देठ बुडाशी काळे पडून आडवे झाले. वहिनी कपरीजवळ बसली होती आणि तिने डोळ्यांना पदर लावला नव्हता. तिने तो दातांत धरला होता. मथुराकाकू ओट्यावरून वाकून पाहत होत्या. "गेलं का वो? ढगानं नेलं असंल."

आई खाली बसली. तिने कपरीच्या एका काठाकडे बोट केले. कापड थोडे अपुरे पडले होते आणि तिथे, त्या उघड्या काठावर, तीन रोपे ताठ उभी होती. आईने ओले मलमल उचलले, अंगठा आणि बोट यांत चोळले, आणि बोटे विलग केली. ती चिकटत होती.

"खळ," ती म्हणाली. मागावरच्या सुताला पेज लावतात ती खळ. कोऱ्या कापडात ती तशीच असते आणि ओल लागली की आंबते. आईने बोटे पदराला पुसली. "तान्ह्या पोराला आपण कोरं घालतो का? जुनं धोतर फाडून, सतरा वेळा धुतलेलं, मऊ झालेलं घालतो. मी ह्याला देवाचं समजून कोरं दिलं. हे तर तान्हं आहे." मग तिने मान वर केली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ढगानं नाही नेलं, मथुरे. माझ्या कापडानं नेलं. बी सूनबाईचं चांगलं होतं."

मी माझ्या आईला अनेक प्रसंगी पाहिले आहे. दादाच्या आजारपणात, अण्णांच्या शेवटच्या दिवसांत. पण तिचा अभिमान वाटण्याचा प्रसंग कोणता असे कोणी विचारले तर मी हाच सांगते. तिला गप्प बसता आले असते. ती चूक कोणाच्याही ध्यानात आली नसती, आणि वहिनी कायमची खोटी ठरली असती.

त्या तिन्ही रोपांवर अण्णांच्या जुन्या धोतराचा तुकडा आला. पुढची थंडी आम्ही त्यांच्याभोवतीच काढली. त्रिदळी, कातरलेली पाने फुटली तेव्हा त्यांना वेगवेगळ्या मडक्यांत हलवले. वहिनीने बजावले की मधला कोंब मातीत बुडता कामा नये, तेवढे तिला माहेरच्या बागेत पाहून माहीत होते. जे माहीत नव्हते ते ती "माहीत नाही" असे सांगे आणि आम्ही करून पाहत असू. एक रोप संक्रांतीच्या सुमारास खारीने उकरले. दोन राहिली. माघ सरताना एकावर पांढरे फूल आले, मध्ये पिवळे, आणि पाकळ्या गळून गेल्यावर तो पिवळा भाग फुगू लागला. आई आता मला तपासायला पाठवत नसे. स्वतःच सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की मडक्याकडे जाई आणि परत येऊन चुलीपुढे बसे. वहिनीशी तिचे बोलणे कामापुरतेच होते. तिने पाहीन म्हटले होते ते फळ, आणि फळ अजून झाले नव्हते.

होळीनंतर उन्हे तापली तसा त्या फळाला रंग चढला. बोराएवढेही नव्हते, मोठ्या गुंजेएवढे म्हणा. पण लाल होते, आणि त्याच्या अंगावर, बाहेर, उघड्यावर, पिवळे कण जडवलेले होते. आईने ते देठासकट खुडून तळहातावर घेतले, बोटाचे टोक त्यावरून फिरवले, उलटे केले, पुन्हा फिरवले. ओट्यावर मथुराकाकू आणि आणखी दोघी-तिघी जमल्या होत्या. आईने हात पुढे केला.

"हात लाव, मथुरे. बी कुठं आहे?"

मथुराकाकूंनी बोट लावले. "अरे देवा! बाहेर आहे वो!" आणि मग, आपल्या स्वभावाला जागून, "पण हे खाता का खरंच? का नुसतं बघाचं?"

या प्रश्नाने एक खरीच अडचण उभी राहिली. आमच्या अंगणात जे काही पिके त्याचे पहिले फळ देवापुढे जाई, आणि ते आधी कोणी चाखायचे नसे. दुसरीकडे, ज्याची चव घरात कोणाला ठाऊक नाही अशी वस्तू आई देवघरात नेत नसे. टोमॅटो तर तिने स्वयंपाकघरातही येऊ दिला नव्हता. देवाला दिल्यावाचून चाखता येत नाही, आणि चाखल्यावाचून देवाला देता येत नाही. फळ एकच होते.

आई वहिनीकडे वळली. सर्वांसमोर, सरळ तिच्याकडे पाहून तिने विचारले, "सूनबाई, गोड आहे का?"

मी मनात म्हटले, हो म्हण. एका शब्दाचे काम होते आणि तो शब्द खोटा पाडायला तिथे कोणीही नव्हते. वहिनीने फळाकडे पाहिले. "आमच्याकडची गोड असतात, सासूबाई. ही इथल्या उन्हात झाली आहे, आणि बियांवरून आलेली मी कधी खाल्लेली नाही. ही कशी असेल ते मला सांगता येत नाही. खायची असते आणि अपाय करत नाही, एवढं मी सांगते."

आईने ते फळ धुतले, छोट्या चांदीच्या वाटीत ठेवले आणि देवघराकडे निघाली.

"वयनी, न चाखता?" मथुराकाकू मागून म्हणाल्या. "देवाले आंबट-कडू गेलं तर?"

"सूनबाई म्हणते खायचं आहे," आई म्हणाली. "एवढं देवाला पुरे." आणि तिने वाटीभोवती पाणी फिरवले.

आता आमच्या गावातही थंडीत हातगाडीवर स्ट्रॉबेरी मिळते. पुठ्ठ्याच्या पेटीत, अंगठ्याएवढी जाड. माझी नातवंडे ती खाताना त्या बियांकडे पाहतसुद्धा नाहीत. मी त्यांना सांगते की शास्त्राप्रमाणे तो प्रत्येक कण म्हणजे नुसती बी नसून एकेक पूर्ण फळच आहे, आणि आपण ज्याला फळ म्हणतो तो केवळ फुगलेला देठ. म्हणजे वहिनीने त्या दिवशी ओट्यावर सांगितले ते खऱ्यापेक्षा कमीच होते. नातवंडे म्हणतात, "आजी, खाऊ दे ना."

त्या दिवशी नैवेद्य झाल्यावर आईने त्या एवढ्याशा फळाचे सुरीने तुकडे केले. अण्णांना, दादाला, वहिनीला, मला, आणि स्वतःला एक. मथुराकाकूंना राहवेना. "कसं लागते वो, वयनी? सांगा तरी!"

आईच्या तोंडात अजून तो कण होता. तिने तो गिळला, पदराने ओठ टिपले. "मला काय विचारतेस? आमच्या सूनबाईला विचार. ती सांगेल ते बरोबर."

"आंबट आहे, काकू," वहिनी म्हणाली. "आमच्याकडच्यापेक्षा पुष्कळच आंबट."

"ऐकलंस?" आई मथुराकाकूंना म्हणाली. लग्नात आलेले दागिने दाखवताना बायकांचा जो स्वर लागतो, तो त्या वेळी आईला लागला होता.